सी की पायथन? आधी प्रॅक्टिकलचे तास मोजा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी पीसीएम, निफाडकडच्या गावातून रोजची ये-जा आणि नाशिकच्या कॉलेजात बीएस्सीला प्रवेश. पुढे स्टॅटिस्टिक्स घ्यायचा विचार आहे. पहिल्या सत्रात संगणकाचा एक विषय निवडायचाय, सी किंवा पायथन, आणि आजवर एकही प्रोग्रॅम लिहिलेला नाही. मित्र सांगतात, सी घेऊ नकोस, केटी लागेल (विषय राहील). कॉलेज रोडचे क्लासवाले सांगतात, पायथनशिवाय पुढे काही नाही. शेवटी तुम्ही विचारलंय की वडिलांनी आत्ताच लॅपटॉप घेऊन द्यावा का.

मी 2001 पासून नाशिकमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवते. दर प्रवेशाच्या मोसमात हा प्रश्न कोणीतरी घेऊन येतंच, आणि बहुतेकांना भाषेचं नाव ऐकायचं असतं. तुम्ही मात्र जाता जाता एक ओळ लिहून गेलात: सीच्या विषयाला दोन क्रेडिट थिअरी आणि दोन क्रेडिट प्रॅक्टिकल आहे, पायथनला नुसती दोन क्रेडिट थिअरी. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच.

थिअरीच्या एका क्रेडिटला सत्रभरात 15 तास धरतात, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला 30. म्हणजे सीच्या विषयात 30 तास फळ्यासमोर आणि 60 तास मशीनसमोर. पंधरा आठवड्यांचं सत्र धरलं तर आठवड्याला चार तास कीबोर्ड तुमच्या हाताखाली. पायथनच्या विषयात 30 तास फळा आणि मशीन शून्य. ज्याने कधीच कोड लिहिलेला नाही, त्याच्यासाठी हा फरक सी आणि पायथनमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे. म्हणून कागदावर दिसतंय तेवढ्यावरून माझं उत्तर: सी घ्या. स्टॅटिस्टिक्सला पुढे पायथन आणि आर ही आकडेवारीची भाषा लागणार हे मला माहीत आहे, आणि तरीही सी घ्या म्हणते. का, ते सविस्तर सांगते. काही गोष्टी तुमच्या कॉलेजवर अवलंबून आहेत, त्या तुम्हाला स्वतः जाऊन बघाव्या लागतील.

आधी हे बघू की पहिल्या विषयात शिकायचं काय असतं. भाषेचं व्याकरण हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग असा की मशीन आत्ता या क्षणी काय करतंय याचं चित्र डोक्यात उभं राहायला हवं. गणितात चांगले गुण असलेली मुलं पहिल्याच आठवड्यात एका ठिकाणी हमखास अडतात. मी फळ्यावर लिहिते, एक्स बरोबर एक्स अधिक एक. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो, कारण गणितात हे विधान सरळ खोटं आहे. एक्स काही केल्या एक्स अधिक एक होऊ शकत नाही. त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं की गणितातलं बरोबरचं चिन्ह एक दावा करतं आणि प्रोग्रॅममधलं तेच चिन्ह एक हुकूम देतं: उजवीकडचा हिशोब कर आणि डावीकडच्या खणात ठेव. मग मी वहीतल्या शिल्लकेचं उदाहरण देते. कालची शिल्लक घ्या, आजची जमा मिळवा, जुना आकडा खोडा आणि त्याच जागी नवा लिहा. ज्यांच्या घरी दुकान आहे किंवा शेतीचा हिशोब लिहिला जातो, त्यांना हे लगेच पटतं.

पण पटणं वेगळं आणि अंगवळणी पडणं वेगळं. अंगवळणी पडायला तीस-चाळीस छोटे प्रोग्रॅम स्वतः लिहावे लागतात, चुकावे लागतात, आणि चूक कुठे झाली हे कागदावर ओळीओळीने शोधावं लागतं. याला आम्ही ड्राय रन म्हणतो. वहीत प्रत्येक व्हेरिएबलचा, म्हणजे एक्ससारख्या खणाचा, एक रकाना आखायचा आणि एकेक ओळ चालवत किंमत बदलत जायची. लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणं) म्हणजे काय, हे मी आजवर ज्यांना ज्यांना खरोखर समजलेलं पाहिलंय, त्यांना ते याच रकान्यांतून समजलंय. लेक्चर ऐकून लूप समजलेला विद्यार्थी माझ्या तरी पाहण्यात नाही.

ही सवय दोन्ही भाषांतून लागते. भाषेने थोडा फरक पडतो, तो नाकारत नाही.

सी 1972 च्या सुमारास बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी घडवली, ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्याच्या कामासाठी. नवशिक्यांना सोपं जावं हा तिचा हेतूच नव्हता. पायथन 1991 मध्ये पहिल्यांदा बाहेर आली. तिचे जनक गिदो व्हान रॉसम त्याआधी नवशिक्यांसाठीच्या एका भाषेवर काम करत होते, आणि पायथनचा सुटसुटीतपणा काही अंशी तिथून आलाय. पडद्यावर एक ओळ छापायची तर पायथनमध्ये एक ओळ पुरते. सीमध्ये हेडर फाइल, मेन, कंस, अर्धविराम असा संसार मांडावा लागतो आणि त्यातलं निम्मं पहिल्या महिन्यात ‘आत्ता असंच लिहा, का ते नंतर कळेल’ असं सांगावं लागतं. मला स्वतःला हे सांगायला आवडत नाही. या बाबतीत पायथन सरळ सरळ सरस आहे.

दुसऱ्या बाजूने बघा. फॅक्टोरियलचा, म्हणजे 1 पासून त्या संख्येपर्यंतच्या गुणाकाराचा, प्रोग्रॅम प्रत्येक अभ्यासक्रमात असतो. पायथनमध्ये 13 चं फॅक्टोरियल मागा, बरोबर उत्तर येतं: 6227020800. तेच सीमध्ये साध्या इंट (पूर्णांक) प्रकारात मागा, आजच्या नेहमीच्या कंपायलरवर, म्हणजे आपला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत नेणाऱ्या सॉफ्टवेअरवर, येईल 1932053504. एररही नाही, इशाराही नाही, नुसतं चुकीचं उत्तर. का? तर इंटचा खण 32 बिटांचा, त्यात 2147483647 च्या पुढची संख्या मावत नाही, आणि वरचा भाग सांडून जातो. वर्गात एखादा विद्यार्थी दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहून ‘मॅडम, असं का?’ विचारतो, त्या दिवशी त्याला मेमरी म्हणजे काय ते कळायला सुरुवात होते. पायथन ही अडचण आपल्या नजरेआड करते. स्टॅटिस्टिक्सच्या विद्यार्थ्याने ती एकदा तरी उघड्या डोळ्यांनी पाहिलेली बरी, कारण पुढे मोठ्या आकड्यांची बेरीज आणि गुणाकार तुम्ही मशीनवरच सोपवणार आहात. पायथनमध्येही 0.1 आणि 0.2 ची बेरीज मागितली की 0.30000000000000004 असं उत्तर येतं, आणि ते का येतं हे सीमध्ये खणांचा हिशोब केलेल्या मुलाला दोन मिनिटांत समजावता येतं.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस50 हा पहिला अभ्यासक्रम इंटरनेटवर कोणालाही मोफत बघता येतो. तिथे आधी स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करण्याचं साधन, मग बरेच आठवडे सी, आणि त्यानंतर पायथन असा क्रम आहे. आपल्या पुणे विद्यापीठाने अभियांत्रिकीच्या 2019 च्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी पायथन ठेवली होती. दोन्हीकडे विचार करणारी माणसं आहेत, तेव्हा सीने केटी लागते आणि पायथनने आयुष्य घडतं, असा सरसकट निकाल कोणी दिला तर मनावर घेऊ नका.

आता तुमच्या कॉलेजवर काय अवलंबून आहे ते.

सोमवारी प्रवेशाच्या कामाला जालच, तर ऑफिसच्या खिडकीवरून परत फिरू नका. संगणक विभागात जा आणि प्रयोगशाळेत डोकावून या. किती मशीन चालू आहेत, एका बॅचला किती मुलं आहेत, एका मशीनवर एक बसतो की तिघं, हे शिपाईदादाही सांगतील. तिघं बसत असतील तर साठ तासांचे वीसच तास तुमचे, आणि बुजऱ्या मुलाच्या वाट्याला तेवढेही येत नाहीत. बॅच किती वाजता सुटते हेही विचारा. निफाडकडे परतणाऱ्या मुलांची शेवटची सोयीची गाडी चुकते म्हणून त्यांनी प्रॅक्टिकल अर्धवट सोडून पळताना मी किती वर्षं पाहिलंय. सकाळची बॅच मागितली तर बहुतेक ठिकाणी मिळते. मागणाऱ्यालाच मिळते, एवढंच.

कंपायलर कोणता वापरतात तेही बघून या. निळ्या पडद्याचा टर्बो सी दिसला तर थोडं सावध व्हा. हे सॉफ्टवेअर डॉसच्या काळातलं आहे. त्यात इंटचा खण 16 बिटांचा आहे, त्यामुळे 32767 च्या पुढे मजल जात नाही आणि 8 च्या फॅक्टोरियललाच 40320 ऐवजी उणे 25216 असं उत्तर येतं. कोनिओ, क्लिअरस्क्रीन, गेटसीएच अशा ज्या गोष्टी मुलं तिथे पाठ करतात, त्या प्रमाणित सीचा भाग नाहीत आणि बाहेर गेल्यावर चालत नाहीत. मीसुद्धा बरीच वर्षं त्यावरच शिकवलं, आणि त्या मुलांना ती सवय मोडायला पुढे त्रास झाला याचं मला वाईट वाटतं. तुमच्या कॉलेजात लिनक्स किंवा विंडोजवर जीसीसी हा मोफत कंपायलर वापरत असतील तर उत्तम. टर्बो सी असेल तरी विषय सोडू नका, फक्त घरी सराव जीसीसीवर करा.

मग दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा आणि त्याचं जर्नल मागून बघा. जर्नलमध्ये वीस प्रोग्रॅम सुबक अक्षरात लिहिलेले असतीलच, ते बघू नका. त्याला विचारा, यातला कुठला प्रोग्रॅम तू सरांसमोर बसून लिहिलास? एका कॉलेजात मी एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरची परीक्षक, म्हणून गेले होते. एका मुलीने स्लिप, म्हणजे परीक्षेची प्रश्नचिठ्ठी, उघडली आणि पाच संख्यांतली सगळ्यात मोठी शोधण्याचा प्रोग्रॅम घडाघडा टाइप केला, एकही चूक नाही. मी म्हटलं, छान, आता सगळ्यात लहान शोधून दाखव. ती थांबली. चिन्ह कुठलं उलटं करायचं हे तिला सापडेना. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. ती आळशी अजिबात नव्हती, तिने स्लिपा रात्र रात्र जागून पाठ केल्या होत्या. वर्षभरात तिला कोणी ‘यात थोडा बदल कर’ असं एकदाही म्हटलेलं नव्हतं. तुमच्या कॉलेजात असं म्हणणारं कोणी आहे का, हे जर्नल दाखवणाऱ्या मुलाच्या पहिल्या दोन वाक्यांत कळेल.

समजा, चौकशीत उलट चित्र निघालं. सीच्या प्रयोगशाळेत मशीन बंद, बॅच नावापुरती, आणि पायथन शिकवणारे सर किंवा मॅडम क्रेडिट नसतानाही मुलांना दुपारी लॅबमध्ये बसवून करून घेतात. मग माझं उत्तर बदलेल, बिनधास्त पायथन घ्या. आणि तुमचा मुख्य विषय कॉम्प्युटर सायन्स असता तर मी एवढी चर्चाही केली नसती. तिथे दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्स बहुधा सीमधूनच येतं आणि पॉइंटर (मेमरीतल्या खणाचा पत्ता) न शिकता तिथे पोचलेली मुलं फार हाल काढतात. स्टॅटिस्टिक्सला तशी सक्ती नाही, म्हणूनच तुमच्यासाठी शिकवण्याची पद्धत भाषेपेक्षा वरचढ ठरते.

पहिल्या दिवशी वर्गात जे होईल त्याची आधीच कल्पना देऊन ठेवते. तुमच्या शेजारी बारावीला बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घेतलेली मुलं असतील, त्यांनी सी प्लस प्लस केलेली असते. सीबीएसईतून आलेल्यांपैकी काहींनी दोन वर्षं पायथन केलेली असते. मॅडमनी प्रश्न विचारला की ही मुलं वाक्य पूर्ण होण्याआधी उत्तर देतील, आणि तुम्हाला वाटेल की हे माझं काम नाही. दरवर्षी गणपतीच्या सुट्टीनंतर चार-पाच मुलं विषय बदलून मागतात आणि त्यांत गावाकडून आलेली, मराठी माध्यमाची मुलं जास्त असतात. हुशारीत ती कुठेही कमी नसतात. त्यांनी आपली तुलना दोन वर्षं आधी निघालेल्या मुलांशी केलेली असते. कॅलिफोर्नियातल्या हार्वे मड कॉलेजने यासाठी पहिल्या विषयाचे वेगळे वर्गच केले, आधी शिकलेल्यांचा वेगळा आणि कोऱ्या पाटीच्या मुलांचा वेगळा. इतरही काही बदल त्यांनी केले आणि काही वर्षांत त्यांच्याकडे कॉम्प्युटर सायन्स घेणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे 10 टक्क्यांवरून 40 टक्क्यांच्या आसपास गेलं. आपल्याकडे वेगळे वर्ग होणार नाहीत. तुम्ही निदान दिवाळीपर्यंत शेजाऱ्याच्या वेगाकडे बघू नका. माझा अनुभव असा की लूपमध्ये लूप येतो तिथे बायफोकलवाली मुलंही थबकतात, आणि ड्राय रनची वही ठेवणारा नवा मुलगा तिथे त्यांना गाठतो.

इंग्रजीची भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण मराठी माध्यम असं मुद्दाम लिहिलंत म्हणून बोलते. प्रोग्रॅमिंगला लागणारं इंग्रजी थोडं आहे आणि ठरावीक आहे. एरर मेसेज न वाचता खिडकी बंद करायची सवय मात्र लावून घेऊ नका. एक छोटी वही करा, आलेला प्रत्येक एरर त्यात उतरवा, खाली मराठीत लिहा की चूक नेमकी काय होती. महिन्याभरात लक्षात येईल की तेच दहा-बारा एरर फिरून फिरून येतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सीचे छोटे छोटे धडे मराठीतून मोफत ऐकायला मिळतात. पडद्यावर बघत बघत स्वतः टाइप करायचं, अशी त्यांची रचना आहे. माझी मुलं आदल्या रात्री धडा ऐकून येतात, तेव्हा लॅबमधला वेळ वाया जात नाही.

क्लासबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या सत्रात लावू नका. कॉलेजच्या साठ तासांचा पुरेपूर उपयोग करणाऱ्याला क्लासची गरज पडलेली मी क्वचित पाहिली. क्लासच्या भरवशावर लॅब बुडवणारे मात्र भरपूर पाहिलेत.

चॅटजीपीटीसारख्या साधनांबद्दलही सांगायला हवं, कारण तुमच्या बॅचमधला प्रत्येक जण ते वापरणार आहे. एरर समजावून घ्यायला खुशाल वापरा, मराठीत विचारलं तरी ते नीट समजावतं. प्रोग्रॅम मात्र पहिले तीन-चार महिने त्याच्याकडून लिहून घेऊ नका. वर सांगितलेल्या मुलीने स्लिपा पाठ केल्या होत्या, तिने निदान रात्रीची जागरणं तरी केली. उत्तर तयार मिळालं की तेवढेही कष्ट पडत नाहीत आणि एक्स्टर्नलसमोर अवस्था तीच होते.

पायथनचं काय, हे राहिलं. सीचं सत्र नीट झालं की दिवाळीच्या आणि सत्रानंतरच्या सुट्टीत पायथनची ओळख होऊन जाते. व्हेरिएबल, अट, लूप, फंक्शन हे सगळं ओळखीचं असतं, लिहायची पद्धत तेवढी बदलते. ‘स्वयम’ या सरकारी पोर्टलवर एनपीटीईएलचे (आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण प्रकल्पाचे) चार, आठ, बारा आठवड्यांचे अभ्यासक्रम मोफत आहेत, परीक्षा द्यायची असेल तरच फी. सरावासाठी मी स्टॅटिस्टिक्सच्या मुलांना एकच गृहपाठ देते. लासलगावच्या बाजार समितीचे कांद्याचे भाव रोज किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे क्विंटलमागे जाहीर होतात. महिनाभराचे आकडे वहीत उतरवा. आधी सीमध्ये अ‍ॅरे (खणांची रांग) घेऊन सरासरी काढा, सगळ्यात मोठी चढ-उतार कुठल्या दिवशी झाली ते शोधा. मग तेच पायथनमध्ये करा. सीला चाळीस ओळी लागतात तिथे पायथनला दहा पुरतात, आणि त्या दहा ओळींच्या पोटात काय चाललंय हे तुम्हाला ठाऊक असतं. तुमच्या घरात या आकड्यांचा अर्थ तुमच्यापेक्षा वडिलांना जास्त कळेल, त्यांना उत्तर दाखवा आणि पटतंय का विचारा. मशीनने दिलेलं उत्तर जाणकाराच्या नजरेखालून घालणं हा स्टॅटिस्टिक्सचाच भाग आहे.

राहता राहिला लॅपटॉप. आत्ता घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की घरी द्राक्षाची बाग आहे, म्हणजे पैसा हातात यायला फेब्रुवारी-मार्च उजाडणार, आणि आत्ता घेतला तर तो बहुधा उसनवारीवर. पहिल्या सत्राला कॉलेजची लॅब, ड्राय रनची वही आणि हातातला मोबाइल एवढं भागतं. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये सी चालवून देणाऱ्या मोफत साइट आहेत, पुढे पायथनसाठी गुगल कोलॅबही ब्राउझरमध्येच चालतं. बारीक पडद्यावर टाइप करणं कंटाळवाणं आहे हे खरं, म्हणून आधी वहीत लिहा, ड्राय रन करा आणि मगच टाइप करा. बागेचे पैसे आले की 8 जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा लॅपटॉप बघा. ग्राफिक्स कार्डसाठी जास्तीचे पैसे घालू नका, वापरलेला पण नीट तपासलेला मिळाला तरी चालेल. तोवर लॅब रिकामी असताना बसू देतात का, हे सोमवारी त्याच फेरीत विचारून घ्या. आमच्याकडे दुपारी तीननंतर बसू देतो, आणि येणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात.